आसव आणि टिंक्चर: बाटली सारखी, कारभार वेगळा

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आयुर्वेदिक दुकानात कुमारीआसव (कोरफडीचं आसव) मागा, तपकिरी बाटली मिळते. लेबलावर बारीक अक्षरात 'स्वयंनिर्मित अल्कोहोल' आणि पुढे टक्केवारी. होमिओपॅथीच्या दुकानात मदर टिंक्चर मागा, तीही तपकिरीच, फक्त लहान. दोन्हींत वनस्पती, दोन्हींत अल्कोहोल, दोन्हींना उग्र वास. त्यामुळे बाल्कनीत तुळस-अडुळसा वाढवणारी मंडळी 'घरीच करू या की' म्हणतात, तेव्हा एकाची कृती दुसऱ्याच्या बरणीत जाते. कुणी वोडकात गूळ ढकलतं, कुणी गुळाच्या पाण्यात पानं टाकून झाकण करकचून लावतं. पहिल्याचं फार काही बिघडत नाही. दुसऱ्याची बरणी फुटते.

सगळा फरक एका प्रश्नात आहे: दारू बाहेरून आणली, की बरणीतच तयार झाली?

टिंक्चरमध्ये ती बाहेरून येते. तयार अल्कोहोलमध्ये वनस्पती भिजत ठेवायची, तीन-चार आठवडे रोज बरणी हलवायची, मग मलमलीच्या फडक्यातून पिळून गाळायची. इथे काही आंबत नाही, फसफसत नाही. अल्कोहोल दोन कामं करतं: पानातलं द्रव्य ओढून घेतं आणि ते टिकवतं. तुळशीतलं युजेनॉल पाण्यात जेमतेम उतरतं, अल्कोहोलमध्ये सहज उतरतं. बाजारातल्या वोडकात साधारण 42.8 टक्के अल्कोहोल आणि उरलेलं बहुतेक पाणी, म्हणजे दोन्ही प्रकारची द्रव्यं थोडीफार निघतात.

वाळलेला पाला असेल तर एक भाग पाल्याला पाच भाग द्रव, ताजा असेल तर एकाला दोन, हे नेहमीचं प्रमाण. जुलैत ठाण्यात पानं वाळवायचा नाद सोडा. पंख्याखाली पसरली तरी दोन दिवसांनी ती मऊच असतात आणि मग काळी पडतात. ताजीच घ्यावी लागतात, आणि तिथे एक हिशेब चुकतो. 100 ग्रॅम ताज्या तुळशीत 80 मिलीच्या आसपास पाणीच असतं. 200 मिली वोडकातलं अल्कोहोल साधारण 86 मिली. पानांतलं पाणी त्यात मिसळलं की 42.8 टक्क्यांचे तीसेक टक्के होतात. हे अजून टिकतं. पण 'भरपूर गुण उतरू दे' म्हणून त्याच पानांवर 100 मिलीच ओतलं, तर आकडा चोविसावर येतो आणि वर तरंगणारी पानं बुरशीला आमंत्रण देतात. पानं बुडालेली हवीत, एवढं पाळलं तर टिंक्चर बिघडवणं तसं अवघडच.

आसवाचं तसं नाही. पाणी, गूळ, मध, औषधी आणि धायटीची फुलं एवढ्यावर बरणी बंद होते. सुरुवातीला त्यात अल्कोहोलचा थेंबही नसतो. सह्याद्रीच्या उतारांवर उन्हाळ्याआधी लालभडक फुलणाऱ्या या धायटीच्या फुलांबरोबर यीस्ट येतं, ते गूळ खाऊन अल्कोहोल तयार करतं. औषधाचा आधी काढा केला तर ते अरिष्ट, न उकळता घातलं तर आसव. ग्रंथात वेगळं प्रमाण दिलेलं नसेल तर शार्ङ्गधरसंहिता या जुन्या आयुर्वेदग्रंथाचा नियम लावतात: एक द्रोण द्रवाला एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि दहावा हिस्सा प्रक्षेपद्रव्यं, म्हणजे वरून घालायची औषधी चूर्णं. आजच्या मापात बारा लिटरला जवळपास पावणेपाच किलो गूळ आणि त्यावर सव्वादोन-अडीच किलो मध. मधुमेह्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा, कारण सगळी साखर आंबत नाही. आसव शेवटपर्यंत गोड लागतं ते त्यामुळेच.

संधान, म्हणजे आंबणं, चालू आहे की संपलं, हे पाहायची जुनी परीक्षा मला फार आवडते. बरणीला कान लावला की आत चुरचुर ऐकू येते. झाकण अलगद उचलून पेटती काडी तोंडाशी आत धरायची. ती पटकन विझली तर आत कार्बन डायऑक्साइड भरलाय, काम चालू आहे. काही आठवड्यांनी चुरचुर थांबते, फुलं तळाला बसतात आणि काडी जळत राहते. हा वायू बाहेर पडायला वाट हवी म्हणून भांडं पाऊण भरायचं आणि झाकणाला थोडी सैल जागा ठेवायची. मोकाट हवा मात्र नको. हवा आणि चिलटं आत गेली की अल्कोहोलचं आम्ल होतं आणि हाती शुक्त येतं, म्हणजे साधा व्हिनेगर.

तयार आसवात साधारण पाच ते दहा टक्के अल्कोहोल असतं. बुरशी आणि जंतूंना रोखायला तेवढ्यावर विसंबता येत नाही. त्यात आसवात पानं कच्ची जातात, म्हणजे पानावरचं जे काही असेल ते सगळं बरणीत. आणि किती टक्के झालं हे घरी मोजणार कसं? म्हणून माझं मत स्पष्ट आहे: टिंक्चर घरी जमतं, आसव विकत आणावं.

आता लोकांचा सगळ्यात मोठा घोळ. टिंक्चर म्हणजे दारू, आणि आसव म्हणजे 'आपलं आयुर्वेदिक', असं धरून चालणारी घरं पुष्कळ. मात्रेचा हिशेब मांडा. टिंक्चर थेंबांनी घेतात. 40 टक्क्यांचं 1 मिली पोटात गेलं तर अल्कोहोल गेलं 0.4 मिली. आसव जेवणानंतर तेवढ्याच पाण्यातून 15 ते 30 मिली घेतात. सात टक्क्यांचं 20 मिली म्हणजे 1.4 मिली अल्कोहोल, तिपटीहून जास्त. दोन्ही आकडे लहानच आहेत. पण ज्यांना अल्कोहोल वर्ज्य आहे, त्यांनी टिंक्चरची बाटली परत करून आसवाची उघडण्यात काही अर्थ नाही.

कुंडीतलं झाडही ठरवतं काय करायचं ते. कोरफडीचा बुळबुळीत गर अल्कोहोलमध्ये घातला की त्यातली बहुशर्करा गोळा होऊन साका बसतो, टिंक्चर फसतं. आसवात तीच कोरफड शतकानुशतकं वापरात आहे. अडुळसा दोन्हीकडे चालतो. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच पुढे कफ सिरपमधलं ब्रोमहेक्झिन तयार झालं. पण याच व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं, तेव्हा गरोदरपणी अडुळसा कुठल्याच रूपात नको.

गुळवेलीला घाई करू नका. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. वेल नेमकी कुठली हे तपासलंच नाही, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. वाद बाजूला ठेवला तरी टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची तिची भावंड वेल खरी आहे. तिच्या करड्या खोडावर ठसठशीत गाठी असतात आणि कापल्यावर दुधी चीक येतो. येऊरच्या वाटेवरून किंवा खारघरच्या टेकडीवरून कांडी तोडून आणून लावली असेल, तर औषध करण्याआधी ती जाणकाराला दाखवा.

टिंक्चरसाठी अल्कोहोल पिण्याचंच हवं. सर्जिकल स्पिरिट, फ्रेंच पॉलिशवाल्याचं स्पिरिट, सॅनिटायझर यातलं काहीही नाही. त्यात मिथेनॉल किंवा दुसरं विष मुद्दाम मिसळलेलं असू शकतं, आणि मिथेनॉलने डोळे जातात, जीवही जातो. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार घरी दारू बाळगायला परवाना लागतो, तो कारण औषधाचं असलं तरी काढून ठेवावा. आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'होममेड, 200 रुपये' अशी जाहिरात टाकायच्या आधी हेही बघा: आयुर्वेदिक औषध विकण्यासाठी बनवायला 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो.

लहान मुलं, यकृताचे रुग्ण, दारू सोडण्याचे उपचार चालू असलेले, यांना दोन्ही बाटल्या बंद. मेट्रोनिडाझोल या जंतुसंसर्गावरच्या औषधाच्या गोळ्या चालू असताना डॉक्टर 'अल्कोहोल टाळा' सांगतात, तेव्हा आसवाचं नाव सहसा कुणी काढत नाही. आपणच काढायचं.