बॉम्बजवळ जाणाऱ्याच्या हृदयाला ब्रेक कोण लावतं?

शौर्यपदक मिळवणाऱ्या सैनिकाबद्दल आपण सहज म्हणतो, "त्याला भीती ठाऊकच नाही." हा समज चुकीचा आहे, आणि त्याची चांगली तपासणी झाली ती उत्तर आयर्लंडमध्ये बॉम्ब निकामी करणाऱ्या ब्रिटिश सैनिकांवर. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅकमन आणि सहकाऱ्यांनी 1983 साली त्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. जवळजवळ सारखे दोन आवाज ओळखायचे, चुकलं की विजेचा झटका, आणि काम उत्तरोत्तर अवघड होत जाणारं. पदकविजेत्यांच्या हृदयाचे ठोके इतर तितक्याच अनुभवी सहकाऱ्यांपेक्षा कमी राहिले. गंमत म्हणजे स्वतःच्या भीतीबद्दल दोन्ही गटांनी जे सांगितलं, त्यात फरक नव्हता.

मग फरक कुठे पडतो? हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो. त्याला मोकळं सोडलं तर तो मिनिटाला सुमारे 100 ठोके देतो. आपली नाडी निवांत असताना 70 च्या आसपास असते, कारण मेंदूतून निघणारी व्हेगस नस सतत ब्रेक लावून असते. तिच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे रसायन पाझरतं, पेशींमधली पोटॅशियमची दारं उघडतात, धनभारित पोटॅशियम बाहेर पडतं, पेशी आतून अधिक ऋणभारित होते आणि पुढचा ठोका लांबतो. हे सगळं सेकंदाच्या आत! उलट ठोके वाढवणाऱ्या नॉरॲड्रेनलीन या रसायनाला पेशीत रसायनांची एक साखळी हलवावी लागते, म्हणून त्याचा परिणाम दिसायला काही सेकंद जातात. धोका दिसताच नाडी उडते ती आधी ब्रेक सुटल्यामुळे. श्वास सोडताना व्हेगसचा जोर वाढतो, म्हणून सावकाश उच्छ्वास करायला शिकवतात, त्याला हा आधार आहे.

"व्हेगस रीसेट करा" म्हणत दोन मिनिटांत निर्भय बनवू पाहणाऱ्या रीलना मात्र आधार नाही. तावीज आणि हे, दोन्ही एकाच माळेचे मणी. बॉम्बपाशी खरं कामी येतं ते शेकडो वेळा गिरवलेलं प्रशिक्षण. आधी काय तपासायचं, कुठल्या क्रमाने, रोबो कधी पाठवायचा, हे ठरलेलं असलं की मेंदूच्या पुढच्या भागावरचा भार हलका होतो. नॉरॲड्रेनलीनचा पूर आला की विचार डगमगतो तो नेमका याच भागात.

तरी एक मर्यादा सांगायलाच हवी. रॅकमन यांचा गट लहान होता आणि नाडी मोजली गेली पदक मिळाल्यानंतर. तो संथपणा उपजत की कामातून आलेला, हे ठरवायचं तर भरतीच्या दिवशीच मोजायला हवं.