हेन्री, पॅट्रिक
(२९ मे १७३६–६ जून १७९९). अमेरिकेतील वसाहतकालीन व्हर्जिनियातील मळेमालक, वकील व वक्ता. जन्म हॅनोव्हर परगण्यातील स्टडली येथे. सारा शेल्टनशी विवाह (१७५४) झाल्यावर सासऱ्याकडून सु. ३०० एकर जमीन व सहा गुलाम मिळाले. पण जमीन तंबाखूने निकस झालेली होती आणि १७५७ मध्ये घरही जळाले. दुकानदारीतही जम बसला नाही, तेव्हा तो वकिलीकडे वळला. कायद्याचा त्याचा अभ्यास सहा आठवड्यांचा की अधिक, यावर चरित्रकारांत मतभेद आहेत. काही महिन्यांचा मानणे सयुक्तिक वाटते. विल्यम्सबर्ग येथे त्याला १७६० मध्ये सनद मिळाली.

धर्मगुरूंच्या वेतनाच्या खटल्याने (१७६३) त्याचे नाव झाले. धर्मगुरूंना वेतन म्हणून वर्षाला १६,००० पौंड (वजनी) तंबाखू मिळे. भाव चढल्याने ही देणी पौंडामागे दोन पेनी दराने रोख फेडण्याची मुभा १७५८ च्या कायद्याने दिली. ब्रिटिश राजाने तो कायदा रद्द केला. जेम्स मॉरी या धर्मगुरूचा दावा ग्राह्य ठरून फक्त भरपाई ठरवायची उरली होती. न्यायासनावर खुद्द हेन्रीचे वडील होते. हिताचा कायदा रद्द करणारा राजा प्रजेच्या आज्ञापालनाचा हक्क गमावतो, असा युक्तिवाद हेन्रीने प्रतिवादींच्या वतीने केला. ज्यूरीने भरपाई दिली एक पेनी.

त्याच्या गाजलेल्या भाषणांच्या संहिता मात्र संशयास्पद आहेत. ब्रिटिश संसदेने वसाहतींवर कर लादणाऱ्या मुद्रांक कायद्याविरुद्धच्या भाषणात (मे १७६५) ‘राजद्रोह’ असा ओरडा झाला तरी तो डगमगला नाही, अशी परंपरा आहे. उलट १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रवाशाच्या रोजनिशीनुसार त्याने माफी मागून राजनिष्ठा व्यक्त केली. ही नोंद त्या वेळीच लिहिलेली असल्याने तिला अधिक वजन द्यावे लागते. रिचमंड येथील ‘स्वातंत्र्य द्या, नाहीतर मृत्यू’ हे भाषण (२३ मार्च १७७५) विल्यम वर्ट याने १८१७ च्या चरित्रात, मुख्यतः सेंट जॉर्ज टकर याच्या आठवणींवरून जुळवले. शब्दरचना कितपत वर्टची, हा वाद मिटलेला नाही. हेन्रीने राजाला जुलमी व मूर्ख म्हटल्याचे जेम्स पार्कर या व्यापाऱ्याने एप्रिल १७७५ मधील पत्रात संतापाने कळवले आहे. त्यामुळे भाषणाचा जहालपणा तरी खरा मानता येतो.

तो व्हर्जिनियाचा पहिला राज्यपाल (१७७६–७९, पुन्हा १७८४–८६). संघराज्याच्या संविधानाला त्याने १७८८ मध्ये कडवा विरोध केला; व्हर्जिनियाच्या परिषदेत ते ८९ विरुद्ध ७९ मतांनी संमत झाले. कर्जे फेडण्यासाठी तो पुन्हा वकिलीत उतरला व ब्रिटिश सावकारांविरुद्ध व्हर्जिनियातील ऋणकोंची बाजू त्याने मांडली (१७९१).

१७७३ च्या एका पत्रात गुलामगिरी गर्हणीय असल्याचे सांगून, गुलामांवाचून इथे राहणे गैरसोयीचे आहे, अशी कबुलीही त्याने दिली आहे. गुलाम त्याने अखेरपर्यंत बाळगले. रेड हिल या आपल्या मळ्यावर तो मरण पावला.