घरगुती इंटरनेटचा वेग व संगणकाची सुरक्षा (खानदेश)

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत घरचे इंटरनेट एकतर मोबाइलच्या रेंजवर चालते, नाहीतर केबलवाल्याच्या फायबरवर. वेग सेकंदाला किती मेगाबिट, म्हणजे ‘एमबीपीएस’मध्ये सांगतात, फाइलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये असतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. केबलवाल्याशी होणारी बरीच भांडणे या आठच्या भागाकाराची असतात. ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घ्यायला भारतात पूर्वी ५१२ केबीपीएस (किलोबिट, म्हणजे साधारण अर्धा एमबीपीएस) पुरत. २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ एमबीपीएस झाली.

घरात शिरल्यावर वेग घटतो तो बहुधा भिंतींमुळे. खानदेशातल्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती उन्हाळ्यात गारवा देतात, पण वाय-फाय अडवतात. राउटरची, म्हणजे वाय-फाय पसरवणाऱ्या डबीची, ५ गीगाहर्ट्झची लहर वेगवान असली तरी भिंतीपुढे लवकर दमते; २.४ गीगाहर्ट्झची संथ, पण माजघरापर्यंत पोहोचते. म्हणून तक्रार करण्याआधी लॅपटॉप राउटरला केबलने जोडून वेग मोजावा. उन्हाचाही वाटा आहे. बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो. पत्र्याखाली, कपाटावर ठेवलेला राउटर अशा वेळी मधूनच बंद पडला तर नवल नाही. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, प्रश्न याच्याही अलीकडचा: डोंगराआड रेंजच नसते. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी ज्या टेंभलीत वाटले गेले, ते गाव याच नंदुरबार जिल्ह्यातले, हे सहज आठवावे.

वेग आणि सुरक्षा हे विषय वेगळे मानले जातात, पण घरात त्यांची गाठ अपडेटपाशी पडते. रोज दीड जीबीच्या पॅकवर हॉटस्पॉट लावून संगणक चालवणारा माणूस शेकडो एमबीचे अपडेट बघतो आणि ते बंद करून टाकतो. दुकानातून ‘विंडोज मारून’ आणलेल्या विनापरवाना प्रतीत ते पुष्कळदा आधीच बंद असते, आणि गिऱ्हाईक त्यावर खूशही असते, कारण नेट ‘फास्ट’ वाटते. ही बचत महागात पडते. वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने मे २०१७ मध्ये जगभरचे संगणक कुलूपबंद केले. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. डेटा वाचवायचाच असेल तर विंडोजमध्ये त्या जोडणीला ‘मीटर्ड’, म्हणजे मोजक्या डेटाची, ठरवावे: मोठी अपडेट थांबून राहतात, आणि फायबर असलेल्या घरी गेल्यावर उतरवून घेता येतात. विंडोज ७ साठीची मायक्रोसॉफ्टची नियमित अपडेट १४ जानेवारी २०२० ला संपली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते, त्यामुळे जुने पण धडधाकट संगणक मागे पडले. अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घालणे हा बिनखर्चाचा मार्ग आहे. मराठी टंकलेखन तिथेही होते.

खरा धोका आज खिशातल्या फोनवर अधिक आहे. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’, वाहनाचे चलन किंवा लग्नपत्रिका अशा नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, येते. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ. तिला इन्स्टॉल करावे लागत नाही. तरीही ओळखीच्या नंबरावरून आली म्हणून ही फाइल उघडली जाते; खरे तर त्या ओळखीच्याचाच फोन आधी ठगांच्या हाती गेलेला असतो. असे ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि बँकेचा ओटीपी परस्पर पुढे पाठवते. ते शिरल्याचे कळताच फोनचे नेट बंद करावे, बँकेला कळवावे आणि दुसऱ्या फोनवरून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक लावावा; रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार पोहोचली तर ती गोठवता येते.