जिथे ठिपका, तिथेच गळती?

जुन्या मारुती ओम्नी व्हॅनखाली, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याजवळ ऑइलचा थेंब लटकलेला दिसला की ‘मागचं ऑइल सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागणार’ असं ठामपणे सांगणारे भेटतातच. सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी कडी, जातंही कधीकधी. पण थेंब पडतो ती गळतीची जागाच, हा समज चुकीचा. ऑइल उतार धरतं, कडेकडेने सरकतं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि सगळ्यात खालच्या टोकाला येऊन टपकतं.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. तेव्हा आडवं होऊन खालून डोकावण्याआधी सीट उचला. इंजिन गार असताना डिझेल-ब्रशने काजळी धुऊन कोरडं पुसा. संशयित सांध्यांवर चक्क टाल्कम पावडर भुरभुरवा. फिरत्या पट्ट्यापासून मात्र लांब. दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवून, बंद करून, टॉर्चने वरून खाली बघा. पांढऱ्यावर काळपट ओली रेघ उमटते. तिचं वरचं टोक शोधा. बऱ्याचदा ते टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, कडक झालेल्या पॅकिंगपाशी निघतं. नवं पॅकिंग बसवूनही झिरपत असेल तर ब्रीदरचा पाइप, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी, तुंबलाय का पाहा. आतला दाब ऑइल बाहेर ढकलतो.