त्वचारोपणाच्या प्रयोगासाठी उंदीर मागवण्यापूर्वी

"ग्राफ्ट, म्हणजे दुसऱ्या उंदराची लावलेली त्वचा, नाकारणार नाही असा उंदीर आहे का?" असं आम्हाला नेहमी विचारलं जातं. आहे. पण तोच तुम्हाला हवा असेल असं नाही.

बाल्ब/सी या स्ट्रेनच्या (प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या वाणाच्या) उंदराची त्वचा सी५७ ब्लॅक/६ या दुसऱ्या स्ट्रेनच्या उंदराच्या पाठीवर लावली, तर साधारण १० ते १४ दिवसांत ती काळवंडून गळते. दोघांची एच-२ जनुकं वेगळी असतात आणि आपलं-परकं मुख्यतः त्यांवरूनच ओळखलं जातं. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉर्ज स्नेल यांनी संकरामागून संकर करत या जनुकांचा छडा लावला. १९८० च्या नोबेलचे ते एक मानकरी.

रॅग-१ नॉकआउट, म्हणजे रॅग-१ जनुक निकामी केलेल्या, उंदरात पक्व टी आणि बी पेशी (परक्याला ओळखणाऱ्या प्रतिकारपेशी) नसतात. तीच त्वचा इथे टिकते, तिच्यावर केसही येतात. मग निवडक टी पेशी टोचायच्या आणि ग्राफ्ट कधी पडतो ते पाहायचं, म्हणजे तो कुणी पाडला हे कळतं. मानवी ऊती लावायची असेल तर मात्र एनएसजी हा स्ट्रेन घ्या. त्यात टी, बी यांच्यासोबत एनके या प्रतिकारपेशीही नसतात.

सगळ्यात जास्त घोळ जनुकीय पार्श्वभूमीचा, म्हणजे उंदराच्या बाकीच्या जनुकांचा, होतो. बरेच जुने नॉकआउट १२९ स्ट्रेनच्या पेशींतून बनले. त्याचं एच-२ ब्लॅक/६ शी जुळतं, म्हणून कागदावर सगळं ठीक दिसतं. पण इतर किरकोळ प्रतिजनं (परकेपणा दाखवणारे रेणू) जुळत नाहीत आणि ग्राफ्ट सावकाश पडतो. दोष जातो तुम्ही निकामी केलेल्या जनुकावर! म्हणून ब्लॅक/६ शी किती पिढ्या बॅकक्रॉस (पुन्हापुन्हा संकर) झाला ते आधी विचारा. निदान १० हव्यात. लिंगही बघा: ब्लॅक/६ नराची त्वचा त्याच स्ट्रेनची मादी नाकारते, वाय गुणसूत्रामुळे. उलट दिशेने अडचण नाही.

त्याच स्ट्रेनचा, त्याच लिंगाचा कंट्रोल (तुलनेसाठीचा) ग्राफ्ट प्रत्येक तुकडीत ठेवाच. सातव्या दिवशी पट्टी काढताना ग्राफ्ट सुटलेला असेल, तर आधी शस्त्रक्रियेवर शंका घ्या.

उंदरात जमलं म्हणजे माणसात जमेल असं आम्ही कुणाला सांगत नाही. सीडी४०-लिगँड या टी पेशींवरच्या रेणूविरोधी प्रतिपिंडाने उंदरांत ग्राफ्ट छान टिकत. माणसांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या. कारण मानवी प्लेटलेटवरचा एक एफसी रिसेप्टर, म्हणजे प्रतिपिंडाला पकडणारा रेणू, उंदरात नसतोच. त्याचं जनुक उंदरात घातल्यावर गुठळ्या तिथेही दिसल्या.

मागणीसोबत तुमच्या संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या मंजुरीची प्रत जोडा. रॅग आणि एनएसजीसाठी निर्जंतुक खाद्य-पाणी आणि फिल्टरचे पिंजरे उंदीर पोचण्याआधी तयार ठेवा.