ॲडिसनचा आजार

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींचे बाह्यक, म्हणजे बाहेरचा थर, नष्ट होऊन कॉर्टिसॉल व अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके अपुरी पडणे, म्हणजे ॲडिसनचा आजार. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळी क्षय हे मोठे कारण होते. आता पाश्चात्त्य देशांत बहुतेक रुग्णांमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच या ग्रंथीवर उलटलेली असते आणि रक्तात २१-हायड्रॉक्सिलेज या विकराविरुद्धची (एन्झाइमविरुद्धची) प्रतिपिंडे सापडतात. भारतात मात्र क्षयाची शक्यता तपासावीच लागते.

बाह्यकाचा सुमारे ९० टक्के भाग निकामी होईपर्यंत ठळक लक्षणे दिसत नाहीत. नंतर अंगात त्राण राहत नाही, भूक मरते, वजन उतरते, मळमळते, पोट दुखते. ही लक्षणे इतकी सर्वसाधारण आहेत की रुग्ण कित्येक महिने ॲसिडिटीची किंवा अशक्तपणाची औषधे घेत राहतो. अल्डोस्टेरॉन नसल्याने मीठ लघवीवाटे निघून जाते. म्हणून उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते आणि खारट खाण्याची विलक्षण ओढ लागते. लोणच्याचा खार किंवा नुसते मीठ खावेसे वाटते, असे कोणी सांगितले तर ते हसण्यावारी नेऊ नये. रक्तात सोडियम कमी व पोटॅशियम जास्त आढळते.

सर्वांत बोलके लक्षण म्हणजे त्वचा काळवंडणे. कॉर्टिसॉल घटले की मेंदूच्या तळाशी असलेली पोष (पिट्युटरी) ग्रंथी अधिवृक्काला चेतवणारे एसीटीएच हे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवते आणि ते त्वचेतील रंगपेशींनाही चेतवते. सावळ्या वर्णात हा बदल सहज नजरेत भरत नाही. म्हणून हिरड्या, गालाची आतली बाजू, तळहाताच्या रेषा, बोटांचे सांधे आणि नवे व्रण उजेडात पाहावेत. जुना फोटो शेजारी धरला तर फरक लगेच कळतो. दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड अचानक थांबवल्याने कॉर्टिसॉल कमी पडते तेव्हा एसीटीएचही कमीच असते, त्यामुळे रंग गडद होत नाही. स्त्रियांमध्ये काखेतील व जांघेतील केस विरळ होतात.

स्वयंप्रतिरक्षेमुळे, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःवरच उलटल्याने, झालेला आजार अनेकदा एकटा येत नाही. अवटू (थायरॉइड) ग्रंथीचा विकार, पहिल्या प्रकारचा मधुमेह, कोड यांपैकी काही सोबत असू शकते. मधुमेहात इन्सुलिनची गरज अकारण घटली, साखर वारंवार उतरू लागली, तर अधिवृक्काकडे लक्ष द्यावे. अवटूचे औषध आधी सुरू केले आणि कॉर्टिसॉलची उणीव तशीच राहिली तर रुग्ण कोसळू शकतो. त्यामुळे कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणारे स्टिरॉइड आधी.

सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान कॉर्टिसॉल मोजतात. ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आणि सोबत एसीटीएच वाढलेले असेल तर निदान जवळपास निश्चित होते. शंका उरल्यास २५० मायक्रोग्रॅम कृत्रिम एसीटीएच टोचून ३० व ६० मिनिटांनी कॉर्टिसॉल पुन्हा मोजतात.

प्रौढांना कॉर्टिसॉलची जागा घेणारे हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम, दोन-तीन भागांत विभागून, सकाळचा भाग मोठा ठेवून देतात, जोडीला अल्डोस्टेरॉनची जागा घेणारे फ्लुड्रोकॉर्टिसोन. गोळ्या जन्मभर चालतात. ताप आला की डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे मात्रा दुप्पट-तिप्पट करायची असते. क्षयावरील रिफाम्पिसिन कॉर्टिसॉलचा निचरा वाढवते, त्यामुळे तेव्हाही मात्रा वाढवावी लागते.

सतत उलट्या, तीव्र पोटदुखी, घसरलेला रक्तदाब व ग्लानी ही अधिवृक्क संकटाची चिन्हे. उलटीत गोळी टिकत नाही. प्रौढाला १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन व शिरेतून सलाइन तत्काळ द्यावे लागते. तपासणीसाठी रक्त घेऊन ठेवावे, पण अहवालाची वाट पाहू नये.