इव्हेंटची सैल जोडणी आणि न पुसलेल्या नोंदी

डेस्कटॉप प्रोग्राममधील एका घटकात झालेला बदल किंवा घडलेली घटना (इव्हेंट) दुसऱ्याला कळावी, पण दोघे एकमेकांत गुंतू नयेत, ही गरज ग्राफिकल इंटरफेसइतकीच जुनी आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ट्रिग्वे रीन्स्काउग यांनी १९७८-७९ मध्ये मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर (माहिती, तिचे दृश्य आणि वापरकर्त्याच्या कृती हाताळणारा भाग वेगळे ठेवणारी) ही रचना मांडली. स्मॉलटॉक-८० या प्रोग्रामिंग भाषेत मॉडेल, म्हणजे माहिती सांभाळणारे ऑब्जेक्ट, स्वतःलाच ‘चेंज्ड’ हा संदेश पाठवी आणि त्याच्याकडे नोंदलेल्या प्रत्येक ऑब्जेक्टला ‘अपडेट’ हा संदेश जाई. त्यामुळे तीच माहिती दाखवणारा तक्ता आणि आलेख दोन्ही बदलत, पण त्यांपैकी एकाचेही नाव मॉडेलच्या कोडमध्ये नसे.

मात्र ही नोंद पुसायची कोणी, हा प्रश्न तेव्हापासूनचाच आहे, आणि माझ्या मते या विषयाचा खरा इतिहास त्याच प्रश्नाचा आहे. मॉडेल वर्गातून न आलेल्या ऑब्जेक्टवर अवलंबून असणाऱ्यांची यादी स्मॉलटॉकमध्ये एका सामाईक डिक्शनरीत (नोंदींच्या कोशात) राही, आणि त्यातली नोंद काढायला विसरले की काम संपलेले ऑब्जेक्टही मेमरीत अडकून पडत.

जावाच्या पहिल्या आवृत्तीत बटणाचा क्लिक हाताळायला बहुधा सबक्लास (मूळ वर्गावरून बनवलेला नवा वर्ग) लिहून त्यातली मेथड ओव्हरराइड करावी, म्हणजे नव्याने लिहावी लागे. १९९७ च्या १.१ आवृत्तीत लिसनर (घटनेसाठी नोंदणी करून ती ऐकणारे ऑब्जेक्ट) आले आणि ही सक्ती गेली. मायक्रोसॉफ्टच्या सी शार्प भाषेने डेलिगेट (मेथडकडे निर्देश करणारे मूल्य) आणि इव्हेंट थेट भाषेतच आणले. सोय मोठी होती, पण तिच्यात एक सापळा होता: दीर्घकाळ जगणाऱ्या सेटिंग्ज ऑब्जेक्टच्या इव्हेंटला एखाद्या विंडोने हँडलर (इव्हेंट घडल्यावर चालणारी मेथड) जोडला आणि बंद होताना तो काढला नाही, तर पडद्यावरून गेलेली ती विंडो गार्बेज कलेक्टरच्या (न वापरलेली मेमरी मोकळी करणाऱ्या यंत्रणेच्या) दृष्टीने वापरातच राहते, कारण इव्हेंटच्या यादीतून तिच्यापर्यंत रेफरन्स पोहोचतो. २००६ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीएफ या मायक्रोसॉफ्टच्या इंटरफेस-बांधणीच्या चौकटीत म्हणूनच वीक इव्हेंटची, म्हणजे ऐकणाऱ्याला मेमरीत अडकवून न ठेवणाऱ्या इव्हेंटची, व्यवस्था दिली गेली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्यूटी या इंटरफेस-बांधणीच्या सी++ चौकटीतल्या सिग्नल-स्लॉट पद्धतीतले (एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या मेथडला, म्हणजे स्लॉटला, जोडण्याच्या) उत्तर मला अधिक नेटके वाटते: ऑब्जेक्ट नष्ट होतानाच त्याच्या सगळ्या जोडण्या तुटतात.

पुढे मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये वर्णन केलेला इव्हेंट ॲग्रिगेटर (सगळे इव्हेंट एकाच मध्यस्थामार्फत पोहोचवणारी रचना) प्रिझम या लायब्ररीतून डब्ल्यूपीएफच्या प्रोग्रामरांपर्यंत पोहोचला. तेथे पाठवणारा आणि ऐकणारा या दोघांनाही फक्त इव्हेंटचा प्रकार ठाऊक असतो, आणि नोंदणी मुळातच वीक रेफरन्सने होते. त्या बदल्यात, बिघाड शोधताना पाठवणाऱ्याच्या कोडवरून ऐकणारा सापडत नाही. त्या प्रकाराचे नाव घेऊन सगळा प्रकल्प धुंडाळावा लागतो.